पंगतीतलं जास्तीचं ताट

धुळ्याच्या देवपूर भागात सुकदेव नानांचं घर कोणीही दाखवील. निवृत्त मास्तर, विषय विज्ञान. दर गुरुवारी संध्याकाळी कॉलनीतल्या मंदिराच्या ओट्यावर ते पोथी उघडून बसत आणि वीस-पंचवीस म्हाताऱ्यांना निरूपण सांगत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "देव प्रश्नाला भीत नाही, भितो तो पुजारी." वाक्य टाकलं की ते चष्मा काढून पुसत, म्हणजे समोरच्यांना माना डोलवायला वेळ मिळे. जिभेला हाड नसतं म्हणतात. निवृत्त मास्तराच्या तर नसतंच.

यंदा श्रावणात भाऊबंदांची कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघर पुजली जाणारी देवी, नानांच्या घरी बसायची होती. कानबाई आली की रोट आला. रोट म्हणजे देवीच्या नावानं निवडून दळलेल्या गव्हाचा नैवेद्य. तो कुळातल्यांनीच खायचा, परक्याच्या तोंडी कणसुद्धा जाता कामा नये. लग्न झालेली लेक सासरच्या कुळाची, म्हणून तिलाही नाही. आणि सासर सुटलेल्या लेकीचं काय? ते कोणी ठरवलं नव्हतं, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं.

नानांची एकुलती एक लेक दिपमाला अमळनेरला दिलेली होती. सहा वर्षं सोसून, दोन वर्षं कोर्टाच्या तारखा करून ती चैत्रात घटस्फोट घेऊन माहेरी आली. आई तीन वर्षांपूर्वीच गेलेली. घरात आता नाना, त्यांची नव्वदीला टेकलेली माय कमलबाई आणि दिपमाला. म्हणजे कानबाईचं सगळं काम हिच्याच अंगावर.

शनिवारी दुपारी ती रोटाचे गहू निवडत बसली होती. नाना बाजूनं जाताना तिनं मान वर न करता विचारलं, "नाना, मना रोट आते कोनता घरमा?"

नाना थबकले. गुरुवारी असला प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती. पोरीचे डोळे सुपातच होते, पण हात थांबले होते. नानांना भरून आलं. ते म्हणाले, "आठेच, याच घरमा, बेटा. उद्या तू पंगतमा बस. मी शे ना."

पोर हसली. माहेरी आल्यापासून ती अशी हसलेली नानांनी पाहिली नव्हती. त्या रात्री नाना स्वतःवरच खूश होऊन झोपले.

रविवारी भाऊबंद जमले. खेड्यावरून तोताराम आबा आले. कुळात वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. दिपमालानं पहाटेपासून पुरण वाटलं, पोळ्या केल्या, गंगाफळाची भाजी, खीर, सगळं एकटीनं उरकलं. रांधायला तिचे हात कुळाला चालत होते. आरती झाली, पंगत बसली. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिनं हात धुतले, चुलत्या-काकूंच्या रांगेत शेवटी एक ताट मांडलं आणि पदर सावरून बसायला वाकली.

तोताराम आबांनी घास हातातच धरला. "सुकदेव, हाई ताट कोनं?"

भांड्यांचे आवाज थांबले. सगळ्या माना नानांकडे वळल्या. दिपमालानंही पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. बापानं शब्द दिला होता, आता तो बोलेल, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

एक वाक्य पुरलं असतं. 'मनी पोरनं' एवढे दोनच शब्द. पण नानांना पुढचं सगळं एकदम दिसलं. आबा ताटावरून उठणार, त्यांच्यामागं पंगत उठणार, कानबाईच्या दिवशी घरात अन्न तसंच राहणार आणि गावभर नाव निघणार. त्यांनी चष्मा काढला आणि पुसता पुसता म्हणाले, "चुकीसन मांडाई गयं व्हई."

दिपमालानं ताट उचललं. कोणाला धक्का लागू नये म्हणून रांगेच्या मागून, भिंतीला धरून ती आत गेली. दोन मिनिटांनी पोळ्या घेऊन परत आली आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढू लागली. नानांच्या ताटातही तिनं पोळी टाकली. ती त्यांनी खाल्ली, हे त्यांना आयुष्यभर विसरता येणार नव्हतं.

चारच्या सुमारास भाऊबंद पांगले. कोपऱ्यातल्या खाटेवरून कमलबाईंनी हाक मारली, "पोर जेवनी का?"

नाना म्हणाले, "माय, कुळनी रीत शे. तुले वाईट वाटी म्हनीसन..."

"माले इचारं का तू?" म्हातारी उठून बसली. "कानबाई आपली माय शे. माय कधी पोटनी आंडेरले उपाशी ठेवस का? भ्यास तू तोतारामले, आन नाव देवीनं लेस."

नानांचे कान तापले. आयुष्यभर पोरांना त्यांनी अंगठे धरायला लावलं होतं. आज खुद्द मास्तरालाच चपराक बसली, आणि तीही अक्षर न शिकलेल्या म्हातारीच्या हातची. शरम अशी वाटली की देवघराकडं बघवेना. त्यांनी घाईघाईनं ताट घेतलं. स्वतःच्या हातानं रोट वाढला, खीर वाढली, वर तुपाची धार सोडली आणि स्वयंपाकघरात गेले.

दिपमाला ओट्याशी उभी राहून कालच्या शिळ्या भाकरीचा तुकडा चटणीशी खात होती. नानांनी ताट पुढं केलं. "ले बेटा. हाऊ तुना रोट."

तिनं ताटाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"बठ्ठा भाऊबंद गयात का, नाना?"

नानांचा हात चष्म्याकडं जायला निघाला, पण दोन्ही हातांत ताट होतं.