पूजेतला डबा

मी रंजिता, निपाणीची. बेंगळुरात प्लाझ्मावर पीएचडी करते, म्हणजे सहा वर्षं करतेच आहे. येलहंक्याच्या बसमधल्या कंडक्टरला मी तोंडपाठ झाले, पण थीसिस काही होईना. आई फोनवर विचारते, झालं का? मी म्हणते, होतंय की. वीट आलाय मला या शब्दाचा.

काम सांगायला सोपं आहे. हवा काढलेल्या भांड्यात धातूच्या दोन तबकड्या, मधे थोडासा आर्गॉन वायू. तबकड्यांना रेडिओच्या लाटेची उलटसुलट वीज दिली की वायू जांभळा पेटतो. त्यातले इलेक्ट्रॉन कशाने तापतात, हा आमचा प्रश्न. वायू विरळ असला की टकरांचं काम कमी. तबकडीजवळचा विजेचा थर मागेपुढे हलतो, त्याचे धक्के खाऊन इलेक्ट्रॉन तापतात. माझे इलेक्ट्रॉन तर सिद्धांत सांगतो त्याहून कितीतरी जास्त तापत होते. हे दाखवणाऱ्या आलेखावर माझी थीसिस उभी होती, आणि त्याच आलेखावर माझे गाइड विश्वासराव सर निवृत्तीचं भाषण देणार होते.

सर राजाजीनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठे. बोलण्यात निम्मं कन्नड, मला अक्का म्हणायचे. आम्ही प्लाझ्मात एक बारीक तार घालून मोजतो. तिच्यात ती उलटसुलट वीज शिरली तर इलेक्ट्रॉन उगाचच तापलेले दिसतात. ती अडवायला कॉइलचा एक डबा लागतो. आमचा डबा सरांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बनवलेला. दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात कोहळा. उघडायची मात्र कुणाची छाती नाही. देव कुणी उघडून बघतं का?

मागच्या आठवड्यात आकडे नाचायला लागले, तेव्हा वैतागून मी तो उघडला. आतली कॉइल तबकड्यांना वीज देणाऱ्या जुन्या जनरेटरसाठीची. नवा जनरेटर वीज दुप्पट वेगाने उलटसुलट करणारा, आणि तो मी यायच्या आधीच आलेला. म्हणजे डबा काहीच अडवत नव्हता, नुसता पूजा खात होता. मी योग्य कॉइल लावून पुन्हा मोजलं. इलेक्ट्रॉन गपगार, पुस्तकात लिहिलंय तेवढेच तापलेले. सगळ्या कष्टांचं फळ काय, तर भोपळा.

भाषणाच्या दिवशी सकाळी सरांना सगळं सांगितलं. ते दचकले नाहीत, चहा ढवळत राहिले. थीसिस आहे तशीच दे, मी सही करतो, म्हणाले. पुढे कोण बघायला बसलंय? मग हळूच म्हणाले, "स्वल्प दम धर अक्का. आज नको."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी दमले होते की सही घेऊन निपाणीला जावं आणि महिनाभर झोपावं, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी हॉल भरला. सरांना शाल, डोक्यावर म्हैसूर पेटा, हातात फळांची टोपली. मग भाषण, आणि शेवटी माझा आलेख. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी नुकतीच पीएचडीला आलेली अक्षरा बसली होती. ती फोनवर आलेखाचा फोटो काढत होती, कारण तिचं काम तिथूनच पुढे सुरू व्हायचं होतं. म्हटलं, झालं, आता हिची पाळी.

कुणाला काही विचारायचंय का, असं सरांनी विचारलं. मी हात वर केला. उभी राहून इंग्रजीत सांगितलं की हा आलेख चुकलाय, डबा मी उघडून पाहिलाय, थीसिस मी पुन्हा लिहिणार आहे.

सरांनी पेटा काढून टेबलावर ठेवला. मग मराठीत म्हणाले, "मला ठाऊक होतं ग. तू यायच्या आधीपासून. रिटायर होईपर्यंत निभेल, वाटलं होतं."

त्या हॉलमध्ये आम्हा दोघांशिवाय कुणाला मराठी कळत नव्हतं. सर काय म्हणाले ते मी सांगेन म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी कुणाला काही सांगितलं नाही. सहा वर्षं माझी गेली होती, आणि ती जाताना सर बघत होते.