होडीच्या फळ्यांचा बाक

मुलगा बुडाला, होडी तेवढी परत आली. म्हाताऱ्या सुताराने तिच्या फळ्यांचा अंगणात बाक केला आणि सुनेला बजावलं, "जुनं लाकूड आहे. धुतलंस तर आधी खडखडीत वाळू दे, मग नुसतं तेल चोळ."

पण तेलाने फळ्यांवरचा निळा पट्टा पुसट होऊ लागला. तो नवऱ्याने स्वतःच्या हाताने रंगवलेला. मग ती बाक धुवायची आणि ओल्यावरच व्हार्निशचा जाड हात मारायची. म्हाताऱ्याला दिसत होतं, पण तिला अडवायला जीभ रेटेना. बाक आरशासारखा चमकत होता.

"नवऱ्याला कधी एवढं घासलं नव्हतंस," आज तो म्हणाला.

"ते एका जागी बसायचे कुठं, बाबा!" ती कितीतरी दिवसांनी हसली.

हसत हसत म्हाताऱ्याने निळ्या पट्ट्यावर अंगठा टेकवला. तो सरळ आत गेला. कोंडलेल्या ओलीने आतल्या लाकडाचा पार भुगा झाला होता.

"अजून एक हात देऊ?" तिने डबा उघडत विचारलं.

त्याने भोक तळव्याने झाकलं.

"दे. ही बाजू मात्र मी करतो."

ती ब्रश आणायला घरात गेली, तरी त्याने तळवा उचलला नाही.