तेल टाका

"ही चाळणी कशाला आणलीत?" अनंतरावांनी खोक्यातून भोकाभोकांची चकचकीत डिस्क दोन बोटांनी उचलली आणि उजेडात धरली. "रव्याची आहे की मैद्याची?"

संपत हसला. "काका, इंटरनेटवरनं मागवली. अमेरिकेत आता समदी हीच लावत्यात. आन् हे कॅलिपर बघा की. लाल हाय. चाकातनं लई भारी दिसतंय."

"ब्रेक दिसायला लावतात का?"

"न्हाय, तसं न्हाय..."

"मग तसं बोलू नका. आणि मी तुमचा काका नाही."

हिंजवडीच्या अलीकडे एका टेकाडावर संपतचं तीन मजली घर, आणि घरामागे हा गोठा. जनावरं गेली, गव्हाणी फोडल्या, खाली फरशी आली आणि फरशीच्या मधोमध ही गाडी. सहासष्ट साली अमेरिकेत बनलेली, दोनच दारांची, आठ सिलिंडरची. बॉनेट एवढं लांब की त्यावर पंगत बसावी. मुंबईच्या कुठल्याशा गोदामात तीस वर्षं धूळ खात पडलेली ती संपतनं उचलून आणली होती. इंजिन चालू झालं होतं. रंगही झाला होता, अर्थातच भडक. राहिले होते फक्त ब्रेक, म्हणजे अनंतरावांच्या मते सगळंच राहिलं होतं.

या माणसाची एकूण कर्तबगारी किती, तर बापाच्या ज्वारीच्या रानावर कंपन्या येऊन बसल्या. स्वतः हा जागचा हलला नाही, कंपन्याच चालत आल्या. अशा माणसाच्या हातात तीनशे घोड्यांची गाडी द्यायची म्हणजे काय ते अनंतराव बसमधून येताना स्वतःशीच बोलत आले होते.

स्वतः अनंतराव बसच्या कारखान्यात ब्रेक विभागात एकतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेत एका बोळात दहा बाय बाराचं दुकान, त्याला बारा वर्षं झाली. फक्त ब्रेक. कुणी इंजिनचा आवाज घेऊन आलं तर ते वर न बघताच सांगायचे, "मी गाडी थांबवतो. पळवायची असेल तर पुढं जा." ब्रेकवाल्याला दुनियेत मान नाही हे त्यांचं पक्कं मत होतं. गाडी पळाली की कौतुक इंजिनवाल्याचं, आणि थांबली की देवाचं! पण त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेली एकही गाडी थांबायची राहिली नव्हती. हा एकच दागिना त्यांनी आयुष्यात केला होता आणि तो ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा घालून बसत.

त्यांनी डिस्कला चिमटीत धरणारं संपतचं ते लाल कॅलिपर चाकाच्या आत धरलं. एका बाजूनं अडलं. फिरवून धरलं, तरी अडलं.

"चाक चौदा इंची. हे आत बसतच नाही. घरात शोकेस असेल ना? त्यात ठेवा. बैलगाडा शर्यतीच्या ढाली असतील, त्यांच्या शेजारी."

"हायेत की! सतरा हायेत," संपत खुशीत म्हणाला.

टोमणा याला लागत नाही याचाच अनंतरावांना जास्त राग आला. त्यांनी कागद मागितला आणि यादी सांगायला घेतली. पुढच्या चाकांना त्याच सालच्या गाडीच्या साध्या डिस्क, भोकं नकोत. कॅलिपर बिडाचे, काळे. मागचे ड्रम आहेत तेच ठेवायचे, त्यांच्या शूजना नाना पेठेतून नवं लायनिंग चिकटवून घ्यायचं. सगळ्या नळ्या नव्या. आणि पेडलचा दाब नळ्यांतून चारही चाकांना पोचवणारा मास्टर सिलिंडर बदलायचा. "यातला एकाच खोलीचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन खोल्यांचा मागवा. पुढं डिस्क असलेल्या गाडीचा, ड्रमच्या गाडीचा नाही."

"ड्रमचा का न्हाय चालत?"

"का ते मला ठाऊक आहे. तेवढं पुरे."

संपतनं मान डोलावली आणि लिहून घेतलं.

माल यायला दोन महिने लागले. मग आठवडाभर अनंतराव रोज बसनं आले आणि रोज त्या बसमधल्या गळ्यात कंपन्यांचे पट्टे अडकवलेल्या पोरापोरींवर नाक मुरडून उतरले. काम मात्र त्यांनी असं केलं की बघत राहावं. नळ्या हातानं वाकवल्या, कुठंही घासणार नाहीत अशा बसवल्या. एकेक रबर जिभेला लावावं इतक्या हळुवारपणे सिलिंडरात सारलं. संपत शेजारी उकिडवा बसून बघायचा. हे काय, ते कशापायी, असं विचारायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला एकच उत्तर मिळायचं, "बघा नुसतं."

शेवटच्या दिवशी नळ्यांमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. पेडलवर संपत बसला.

"दाबा. थांबा. सोडा. पुन्हा दाबा. अहो, पेडल दाबा, उसाचा चरक नाही तो!"

"ही हवा ऱ्हायली तर काय हुतं, काका?"

"दाबा."

संध्याकाळी टेकाडाच्या उतारावर गाडी चाळीसच्या वेगात आणून संपतनं ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, जराही डावी-उजवीकडे न जाता. संपत उतरला आणि थेट त्यांच्या पाया पडायला वाकला. अनंतरावांनी पाय मागे घेतले. मनातून बरं वाटलं होतं, पण ते या माणसाला दाखवायचं म्हणजे अतीच झालं असतं.

तीन आठवड्यांनी संपतचा फोन आला. अनंतराव जेवत होते.

"काका, त्या मास्टर सिलिंडरच्या डबीतलं खाली गेलंय बगा. बोटभर."

"नवे पॅड बसताहेत, थोडं खाली जायचंच. तेल टाका."

"टाकतो की. पर मी काय म्हन्तो, काका..."

"अहो, तेल टाका म्हटलं ना? तेल! पाणी नाही, दूध नाही, तेल. एवढंही कळत नसेल तर गाडी विका आणि म्हैस घ्या."

त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या पत्नी शकूताई भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पुरतं ऐकून तरी घ्यायचं त्याचं."

"त्याचं पुरतं ऐकलं तर भात गार होईल. तूप वाढ."

पाचव्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी संपतचा आवाज खाली होता. "काका, गाडी कुंपनाच्या भितीला धडकली. आईच्या हाताला लागलंय. सवड झाली तर येऊन जावा."

अनंतरावांना काहीच नवल वाटलं नाही. केला असेल कुणापुढं तरी रुबाब, पळवली असेल उतारावर. गाड्या घेतात आणि अक्कल दुकानात विसरून येतात! असं सगळं मनात म्हणत ते बसमध्ये बसले. पण हिंजवडी जवळ येऊ लागली तसं ते स्वतःशी बोलायचे थांबले.

गोठ्यात गाडीचं नाक चेपलेलं होतं. त्यांनी बॉनेट कसंबसं उचललं, मास्टर सिलिंडरच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतलं रबर फुगून पापडासारखं वाकडंतिकडं झालं होतं. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

"काय टाकलंत यात?"

"तेल," संपत म्हणाला. त्यानं कोपऱ्यातला डबा आणून पुढं ठेवला. इंजिनचं ऑइल, परदेशी, उत्तम प्रतीचं. "तुमीच म्हनला तेल टाका. घरात सगळ्यात भारी हेच हुतं."

अनंतराव डब्याकडे बघत राहिले. कारखान्यात इंजिन विभाग म्हणायचा 'ऑइल' आणि ब्रेक विभाग म्हणायचा 'तेल'. दोन विभागांच्या मध्ये एक भिंत होती, आणि भिंतीच्या या बाजूला एकतीस वर्षं तेल म्हणजे ब्रेकचंच. दुसरं तेल असतं हे त्या खात्यात कुणाच्या डोक्यातही येत नसे. पण ती त्या भिंतीच्या आतली बोली होती. बाहेरच्या जगात तेल म्हणजे काय काय असतं, फोडणीचं असतं, डोक्याला लावायचं असतं, आणि या डब्यातलं असतं! ब्रेकच्या रबराला हे डब्यातलं लागलं की ते फुगतं. फुगलं की ब्रेक सुटत नाही, चाकं घासत राहतात, तापतात, आतलं उकळतं, आणि मग पेडल दाबावं तर ते सरळ तळाला जातं. हे सगळं त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

"कुठलं तेल, ते विचारायचं नाही का?"

"इचारनारच हुतो, काका. तुमी फोन ठिवला."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. संपत नुसतं झालं ते सांगत होता. आईला पहिल्यांदाच गाडीत बसवून देवळाला निघाला होता. उतारावर पेडल खाली गेलं. हँडब्रेक ओढला, वेग थोडा उतरला. पण खाली रस्त्यावर कंपनीची बस उभी होती आणि पोरं उतरत होती.

"मग?"

"मग काय, भितीत घातली. आपलीच भित हाय."

अनंतरावांनी रुमाल काढला, बोट पुसलं, पुन्हा पुसलं. त्रेचाळीस वर्षं. त्यांना आधी तोच आकडा आठवला, म्हातारीचा हात नाही, आणि याची त्यांना तिथंच लाज वाटली.

"लोकांनी काय म्हटलं?"

"इचारत हुती, ब्रेक कुनी केलं म्हनून. म्हनलं, ब्रेक बेस्ट हाय, माझाच पाय चुकला. आईला बी तसंच सांगितलंय." संपतनं आवाज आणखी खाली आणला. "तुमचं नाव कशाला उगं? तेल मीच टाकलं ना."

अनंतरावांना त्याचा संतापच आला. याला कुणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? चाळण्या विकत घेणारा माणूस, आणि यानं त्यांचं नाव पाठीशी घालायचं?

संपतची आई तुळजाबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. पायाशी खुर्चीत गेनबा म्हणून भावकीतला एक म्हातारा, तब्येत विचारायला आलेला. संपत दारात दिसताच तिनं सुरुवात केली.

"आला बघा मोटार चालवनारा! ह्याला ल्हानपनी सायकल येत नव्हती नीट. गेनबा, तुमीच वढ्यातनं काढला हुता का न्हाय? आन् हे मिस्त्री बघ. एवढं वय झालं, बसनं येऊन काम करून गेलं. त्यांनी गाडी कशी बेस करून दिली हुती! तुझ्याच पायात किडं."

संपत खाली मान घालून उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, भावकीतल्या माणसासमोर शिव्या खात होता आणि अनंतरावांकडे बघतसुद्धा नव्हता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. चहा घ्यायचा, लवकर बऱ्या व्हा म्हणायचं, बस पकडायची. दागिना जागच्या जागी राहिला असता.

"तुळजाबाई, त्यांचा पाय चुकला नाही," अनंतराव म्हणाले. "ब्रेकच लागला नाही."

"आँ?"

"ब्रेकमध्ये भलतंच तेल पडलं. यांनी मला फोनवर विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही."

गेनबानं खुर्ची जरा पुढं ओढली. उद्या ही गोष्ट गावभर होणार आणि परवा शनिवार पेठेत येणार, हे अनंतरावांना दिसलं. संपत पुटपुटला, "काका, ऱ्हाऊ द्या की."

"का न्हाय सांगितलं?" तुळजाबाईनं विचारलं.

चार-पाच उत्तरं त्यांच्या तोंडाशी आली. ती बोली, ती भिंत, ते दोन विभाग. सगळी खरी होती, आणि एकही या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

"जेवत होतो," ते म्हणाले.

तुळजाबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. जन्मभर अनंतरावांनी ज्या नजरेनं माणसं पाहिली, तीच ही नजर. तिच्या टोकाला उभं राहिलं की कसं वाटतं ते त्यांना आज कळलं.

"म्हंजी माझ्या हातापरीस तुमचा भात म्होटा."

  मग तिनंच संपतला सांगितलं, "च्या आन. मिस्त्रींना बी दे."

संपत चहा घेऊन आला. तुळजाबाईला बशीतून प्यायची सवय आणि डाव्या हाताला ते जमेना. कप कलंडायला लागला तसे अनंतराव उठले, तिच्या हातातून कप घेतला, बशीत चहा ओतला आणि बशी तिच्या ओठांशी धरली. तिनं नको म्हटलं नाही आणि बरं केलंत असंही म्हटलं नाही. एक घोट घेतला.

"बशी कललीया," ती म्हणाली. "सांडंल."

अनंतरावांनी बशीखाली दुसरा हात घातला. तिला काही घाई नव्हती. ती फुंकर मारून, थांबून थांबून, सगळी बशी संपेपर्यंत प्यायली, आणि ते वाकून उभे राहिले.