पिशवीतला रिसीव्हर

टेलिफोनचं बिल आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. वाचकहो, खोटं वाटत असेल तर आठवून बघा. लिफाफा फोडणारा माणूस आधी शेवटचा आकडा पाहतो आणि मग घरातल्यांकडे पाहतो. मधल्या ओळी वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ही गोष्ट ज्या मास्तरांची आहे तेही पडत नसत. मोबाइल घरोघरी यायच्या आधीची गोष्ट आहे, पण जुनी झाली म्हणून सोडून द्यावी अशी नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तयार कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी-ऐंशी थर अंथरायचे, त्यावर कागदी नमुने मांडायचे, ते हलू नयेत म्हणून लोखंडी वजनं ठेवायची आणि कापायचं. बाह्या आणि कॉलर ते अशा काही मांडत की मधे बोटभर पट्टीसुद्धा वाया जात नसे. कारखान्यात त्यांना मान होता तो याच गुणाबद्दल. वाईट इतकंच की संध्याकाळी डब्यासोबत हा गुणही ते घरी घेऊन येत. साबणाच्या वड्या अर्ध्या कापून वापरायच्या, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी लिहायची, इथपर्यंत त्यांच्या बायकोने हसून घेतलं. मग मास्तरांची नजर फोनकडे वळली.

फोनचा उपयोग मुख्यतः एकाच माणसासाठी होता. मास्तरांची मोठी बहीण, अक्का. आई गेली तेव्हा मास्तर पाच वर्षांचे होते आणि अक्का वीस वर्षांची. तिनेच त्यांना वाढवलं. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, तिथूनच निवृत्त झाली. नवरा कधीच गेला होता, मूल नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. बोलायला तिला विषय लागत नसे. नळाला पाणी कमी येतं यावरही ती पाऊण तास काढू शकायची.

मास्तरांनी यावर तोड काढली. फोनच्या डायलला छोटं कुलूप घातलं आणि अक्काला नियम घालून दिला. रोज सकाळी आठ वाजता तिने फोन करायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. तीन वाजवून ठेवला तर काहीतरी हवंय. मग मास्तर कुलूप काढून फोन करतील. उचललाच नाही तर तिच्या बिलातही पैसे कसले?

"आणि बोलायचं असेल तर?" अक्काने विचारलं होतं.

"रविवारी येतोच की मी."

महिन्यातून एखाद्या रविवारी ते जातही असत.

पण त्या दिवशी बिल आलं आणि आकडा जवळपास तोच होता. मास्तरांनी तो दोनदा पाहिला. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कुलूप घालून चार महिने झाले. मग बोलतंय कोण? भुतं?"

बायकोने पुढची जुडी सोडली.

"मी तुला विचारतोय."

"मी बोलते," ती म्हणाली. "अक्कांशी. दुपारी."

"किल्ली माझ्याकडे असते."

ती उठली, हात पुसले, फोनजवळ गेली. रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायच्या जागेवरचा खटका बोटाने भराभर दाबला. चार वेळा, जरा थांबून सात वेळा, मग दोन वेळा. "कुलूप डायलला आहे, याला नाही. जितका आकडा तितक्या टिचक्या. अक्कांनी शिकवलं."

मास्तरांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. पैशांपेक्षाही त्यांना हे लागलं. सख्ख्या बहिणीने त्यांच्याच घरात फितुरी करावी? "बरं," एवढंच ते म्हणाले. हा "बरं" बायकोला ओळखीचा होता.

मास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि फोन उलटा करून रिसीव्हर त्याच्या गुंडाळ्या वायरसकट सोडवला. खटका वर राहिला तर बाहेरून फोन लागणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून कारखान्यातलं एक लोखंडी वजन त्यांनी त्या खटक्यावर ठेवलं. रिसीव्हर गेला कामाच्या पिशवीत.

"आता रिंग वाजेल," ते म्हणाले. "दोन वाजल्या की ठीक. आपल्याला तेवढंच कळायला हवं ना? संध्याकाळी मी आणीन, गरज असेल तर लावीन."

"अहो, आणि मधे काही झालं तर?"

"चार महिन्यांत काय झालं?"

काही होईपर्यंत या प्रश्नाला कधीच उत्तर नसतं.

तीन दिवस तसेच गेले. सकाळी आठला दोन रिंगा येत, मास्तर समाधानाने मान हलवत आणि पिशवीत डबा व रिसीव्हर घालून निघत. चौथ्या दिवशीही दोन रिंगा आल्या. साडेअकराच्या सुमाराला बायको कपडे वाळत घालत असताना फोन पुन्हा वाजला. तीन रिंगा, आणि बंद.

काहीतरी हवंय. तिने ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि फोनसमोर येऊन उभी राहिली. करायचं काय? औषध संपलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. संध्याकाळी हे आले की लावतील.

फोन पुन्हा वाजू लागला. तीन झाल्या, चार झाल्या, सात झाल्या. या वेळी तो थांबेना. नियम घातल्यापासून अक्कांनी एवढ्या रिंगा कधी वाजू दिल्या नव्हत्या. बाराव्या रिंगेला तिच्याने राहवेना आणि तिने ते वजन उचललं. रिंग बंद झाली. म्हणजे फोन लागला होता. पलीकडे अक्का होत्या, बहुधा बोलतही होत्या. इकडे ऐकायला काही नव्हतं आणि बोलायलाही नव्हतं.

"अक्का!" ती त्या ठोकळ्याकडे तोंड करून ओरडली. "अक्का, काय झालं?"

ठोकळा काय बोलणार? मिनिटभर ती तशीच उभी राहिली. मग फोन पुन्हा वाजला तर निदान कळेल म्हणून तिने वजन जागेवर ठेवलं. फोन वाजला नाही.

ती घरातल्या चपलांवरच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे धावली. तिथे पैसे टाकून बोलायचा फोन होता. अक्कांचा नंबर लावला तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मग तिने कारखान्यात फोन केला. गेटवरच्या माणसाने मास्तरांना बोलावून आणेपर्यंत तिने दोनदा नाणं टाकलं.

"इथे कशाला फोन केलास?" मास्तर यंत्रांच्या आवाजावर ओरडले. "काम—"

"अक्का. तीन रिंगा आल्या, मग बारा. मी वजन उचललं पण बोलणार कशाने? आता नंबर एंगेज येतोय. तुम्ही जवळ आहात, आधी तुम्ही जा. मी निघतेच."

मास्तरांनी फोन ठेवला आणि खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली. पिशवीत रिसीव्हर होता. गेटबाहेर येऊन त्यांनी टॅक्सीला हात केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मीटरकडे पाहिलं नाही. प्रत्येक सिग्नलला त्यांना वाटत होतं, काही नसेल, तिला बोलायचंच असेल. पुढच्याच क्षणी वाटत होतं, बोलायचंच असू दे, देवा.

दार आतून बंद होतं. कडी वाजवली, हाका मारल्या. आतून आवाज आला, पण तो हाकेला दिलेली ओ होती की कण्हणं, ते कळेना. खालच्या मजल्यावर सुताराचं दुकान होतं. सुतार पटाशी घेऊन धावत वर आला. दोन मिनिटांत कडी निघाली, पण ती दोन मिनिटं मास्तर कपाळ भिंतीला टेकून उभे होते.

अक्का जमिनीवर पडली होती. फळीवरचा डबा काढायला ती स्टुलावर चढली होती आणि स्टूल कलंडलं होतं. उजवा पाय नको तसा वळला होता. फरपटत येऊन, वायर ओढून तिने फोन खाली पाडला होता. रिसीव्हर उशाशी पडला होता, तो परत ठेवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तोंड पांढरं पडलं होतं, पण ती शुद्धीवर होती.

"आलास? चाळीस मिनिटं लागली रे," ती म्हणाली. "फोन तर घेतलात."

मास्तर गुडघ्यांवर बसले. "काय सांगितलंस तू फोनवर?"

"सगळं सांगितलं. पडलेय, पाय हलत नाही, दार आतून लावलंय, सुताराला घेऊन ये. तुम्ही कुणी हूं की चूं केलं नाहीत. म्हटलं, धाकट्याने आता शब्दांचीही काटकसर सुरू केली. पण ऐकलं असणार, निघाले असणार. मग दुसऱ्या कुणाला लावलाच नाही."

मास्तरांना हुंदका आवरेना. सुताराने तिथलाच फोन उचलून ॲम्ब्युलन्सला लावला. मास्तर बहिणीचा हात धरून नुसते "अक्का, अक्का" म्हणत राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास तशीच पडून राहिली असती तर या वयात सांगता आलं नसतं. दोन दिवसांनी वॉर्डात अक्का उशीला टेकून बसली तेव्हा मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, रिसीव्हर, पिशवी आणि वजनासकट. बायको खिडकीशी उभी होती. अक्काने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की हे किती गंभीर लक्षण होतं.

"बिल आहे?" शेवटी तिने विचारलं.

ते मास्तरांच्या खिशातच होतं. अक्काने चष्मा लावला आणि वरून वाचायला सुरुवात केली.

"दुसऱ्या फोनचं भाडं. दुसरा फोन कुठे आहे तुमच्याकडे?"

"माळ्यावर. बिघडलाय तो. सहा वर्षं झाली."

"परत केलास? नाही. सहा वर्षं भाडं भरतोयस. ही पहाटे उठवायची सेवा?"

"पहाटेची पाळी होती तेव्हा घेतली होती."

"आणि हे बघ. भाड्यातच ठरावीक कॉल फुकट मिळतात. हिने माझ्याशी रोज बोलूनही निम्मे उरलेत. तुझ्या कुलपाने एक पैसा वाचवला नाही, धाकट्या."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"अक्कांनी केव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण मी सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कधी बोललात म्हणून."

अक्काने चष्मा काढला. "तू एवढा नावाजलेला कटर. कापड वाचवायचं म्हणून शर्टाची एक बाही कमी करतोस का? नमुने हलवून बघतोस, चिंधी कुठे जातेय ते शोधतोस. इथे मात्र आजार म्हशीला आणि औषध पखालीला. वाया जाणारं सगळं तसंच राहू दिलंस आणि ज्यासाठी फोन घेतला तेवढंच नेमकं कापलंस. तीस वर्षं मी लोकांना जोडून दिलं. निम्मे लोक काही महत्त्वाचं बोलायचे नाहीत रे. जेवलास का, झोप लागली का, एवढंच. पण त्या आवाजावरून पलीकडच्याला कळायचं, हा बरा आहे की नाही. दोन रिंगांवरून तुला काय कळायचं? मला महिनाभर चक्कर येतेय, हे कळलं?"

"मला माहीत होतं," बायको हळूच म्हणाली. "अक्का दुपारी सांगायच्या. डॉक्टरकडे न्यायचं माझ्या मनात होतं. मग फोनच मुका झाला."

मास्तर उठले आणि बायकोसमोर जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं," ते म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि हे दोन शब्द खर्च करायची त्यांची ही पहिलीच खेप. बायकोने पदराने डोळे पुसले. "मला नका सांगू," ती म्हणाली. "आधी ते बिल घेऊन टेलिफोन ऑफिसात जा."

ते दुसऱ्याच दिवशी गेले. बिघडलेला फोन परत केला, सेवा बंद केली, दोन अर्ज भरले. पाऊण तासाचं काम. पुढचं बिल निम्म्याच्या आसपास आलं आणि त्या काळात त्यांच्या घरातून आधी कधी झाले नव्हते तेवढे फोन झाले होते. इमारतीतल्या लोकांनाही ते आता पकडून सांगतात की शेवटचा आकडा शेवटी बघा. काही जण ऐकतात, काही जण त्यांना बघून जिना बदलतात.

अक्का तीन महिने त्यांच्याकडे राहिली. मग काठी टेकत आपल्या घरी जाते म्हणाली आणि कुणाचं ऐकलं नाही. ती गेली त्या संध्याकाळी मास्तरांनी फोन लावला. अक्काने उचलला.

"बोल. काय काम काढलंस?"

मास्तर गडबडले. काम काहीच नव्हतं. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता? सहा वाजलेत."

"हां. मग... नळाला पाणी येतंय का नीट?"

पलीकडे अक्का खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. "अरे, त्याचं काय झालं माहितेय का," तिने सुरुवात केली. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले आणि पाऊण तास ऐकत राहिले.

नागरिकहो, खर्च जरूर कमी करा. बिलाची ओळन् ओळ वाचा, जे वापरत नाही ते बंद करा, जे फुकट मिळतं ते हक्काने वापरा. पण कात्री हातात घेण्याआधी बघा की आपण कापतोय ती चिंधी आहे की बाही. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एखादं माणूस एकटं राहत असतं. त्याचा आवाज तुम्ही शेवटचा कधी ऐकला, हे आठवत नसेल तर ही गोष्ट इथेच ठेवा आणि आधी त्याला फोन करा.