हौशीरामची राहिलेली कानपिळी

कंपनीने मला मेंटॉर दिला. मेंटॉर म्हणजे हात धरून काम शिकवणारा, असं एचआरच्या अनुपमा मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. शिरूरच्या बाजूच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेस आहेत. त्यांत डाय, म्हणजे साचा, बसवणारे सगळे पुरुष. सहा महिन्यांनी मी एकटीने डाय बसवून दाखवायची होती. जमलं तर सेटर, नाहीतर पुन्हा पॅकिंगला खोकी चिकटवायची. खोक्यांचा मला मनापासून वीट आला होता.

माझा मेंटॉर हौशीराम, वरवंडचा, प्रेसवरचा सगळ्यात तयार माणूस. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यात घातक प्रश्न विचारला.

"गाव कोणतं?"

"मांडवगण फराटा."

"आरं तिच्या! माझी सासुरवाडी की!"

झालं. मी त्याच्या बायकोच्या, सुवर्णाताईच्या गल्लीतली निघाले, म्हणजे मेव्हणी. लगेच खुर्ची आली, चहा आला, बिस्किटं आली. मी पान्याला हात लावला की हा काढून घ्यायचा. "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, हात काळं व्हतील. सासुरवाडीच्या माणसाला कामाला लावलं तर मला घरी भाकर मिळंल व्हय?"

पाच महिने मी बिस्किटं खाल्ली. अनुपमा मॅडमच्या फॉर्मवर 'मेंटॉरशी संबंध' या रकान्यात दर महिन्याला 'उत्तम' पडत होतं. खोटं नव्हतंच ते. मॅडमनी आमचा फोटोसुद्धा नोटीस बोर्डावर लावला. बाकीचे सेटर "काय दाजी, मेव्हणी खूश ना?" म्हणून दात काढायचे. माझं डोकं फिरायचं, पण माणूस इतका गोड, की धड भांडताही येईना.

परीक्षेला तीन आठवडे उरले. जेवणाच्या सुट्टीत हौशीराम फुशारकी मारत होता. "आमच्या हिला भाऊ न्हाई. चुलतभाऊ हुता, त्यो मांडवातनं रुसून गेला. कान पिळायला आन् मानाचा फेटा घ्यायला कुणीच न्हाई! माझी कानपिळी ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

मी डबा बाजूला ठेवला, उठले आणि सगळ्यांदेखत त्याचा उजवा कान धरला. चांगला पिळला. पाच महिन्यांचा राग त्यात घातला.

"आयो! सोडा की!"

"मी सासुरवाडीची हाय का न्हाई, दाजी?"

"हाय की!"

"मग कानपिळीचा मान द्या. फेटा नगं. पाना पायजे."

सगळे डबे टाकून ओरडायला लागले, "द्या दाजी, द्या!" कानपिळीचा मान नाकारणारा जावई आमच्याकडे अजून जन्मायचाय, आणि तो पहिला व्हायची हौशीरामची छाती नव्हती. कान चोळत त्याने खिशातला पाना काढून माझ्या हातात ठेवला.

त्या दिवशी पाहुणचार संपला. तिसऱ्या दिवशी तो खेकसला, "अगं ए आंधळे! डाय तिरकी बसलीया, दिसत न्हाई व्हय?" मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

परीक्षेत माझा पहिलाच तुकडा मापात निघाला. मॅनेजरसाहेब हौशीरामची पाठ थोपटायला गेले, तर तो मागे सरकला. "माझं काय न्हाई सायेब. मी पाच म्हैनं पोरीचं वाया घालवलं."

या महिन्यात माझ्या हाताखाली करिश्मा नावाची मुलगी आलीय. मॅडम म्हणाल्या, आधी ओळख वाढवा. मी तिला गाव विचारलं नाही. पाना दिला.