डावी गाठ

दाखल्यांच्या कचेरीत बाईंनी एकतीस वर्षं काढली होती. माल इथेच, इथल्याच माणसांच्या हातांनी बनला, हे त्यांच्या सही-शिक्क्यानं ठरायचं. मग समुद्रापलीकडचा श्रीमंत देश गरिबाघरचा माल म्हणून त्यावरची जकात माफ करायचा. दाखला नाही तर जकात, आणि जकात लागली की गिऱ्हाईक पाठ फिरवायचं.

त्या दिवशी धाकटे दीर आपल्या वेतकामाच्या शेडमधल्या चार हजार टोपल्यांच्या दाखल्याचा अर्ज घेऊन आले आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"भाऊजी, वीस बायका आणि महिन्यात चार हजार? भुतं येतात का विणायला?"

"नव्या बायका घेतल्यात, वहिनी. घरच्या माणसावर तरी विश्वास ठेवा!"

"घरचे आहात म्हणूनच बघायला येते."

लग्नाआधी बाई याच शेडमध्ये विणायच्या. शिकवणारी मावशी डावखुरी. तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायचं नि तिचे हात बघायचे. त्यामुळे उजव्या हातानं जेवणाऱ्या पोरीही काठाची शेवटची गाठ डावीकडे वळवायला शिकल्या. मावशी जाऊन जमाना झाला, तरी लेकीसुनांच्या हातांत तीच खोड उतरली होती. शेडमधला ओल्या वेताचा वास नाकात गेला आणि बाईंना क्षणभर वाटलं, मावशी आता हातावर चापट मारणार.

त्यांनी एक गठ्ठा सोडायला लावला. वरच्या थरातल्या गाठी डाव्या. बाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला, तळाची टोपली ओढून काढली. गाठ उजवी. दुसरी, उजवी. तिसरीही उजवी.

"हा माल कुठनं आला?"

"नव्या बायकांचा. त्यांची पद्धत वेगळी." दीर हसले, पण कपाळावर घाम होता. "आणि तिकडच्या साहेबाला डावं-उजवं काय कळतंय?"

"एकदा कळलं, तर सवलत तुमची एकट्याची जाणार नाही. इथल्या प्रत्येक शेडला कुलूप लागेल. बोलवा त्या नव्यांतल्या एखादीला."

दिरांनी कोपऱ्यातल्या एका तरुण बाईला डोळ्यांनीच खुणावलं. ती समोर येऊन बसली. बाईंनी अर्धवट विणलेली टोपली तिच्या मांडीवर ठेवली. काठ आवळेपर्यंत ती जपून, अडखळत विणत होती. बाईंनी सहज विचारलं, "कुणाची गं तू? आई काय करते?"

"आईपण इथंच होती," ती बोलून गेली आणि बोलता बोलता तिच्या बोटांनी गाठ मारली. झटकन. डावीकडे.

बाईंनी ती गाठ दिरांना दाखवली, "ही नवी नाही आणि उजव्या टोपल्या इथल्या नाहीत, भाऊजी." मग मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! मावशीच आली हातात!" आणि सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

ती मात्र रडवेली झाली. "बाई, माझं काम जाईल का? नवी आहे म्हण, असं मालकांनी सांगितलं म्हणून..."

"तुझ्या हातांनी सगळ्यांचं काम वाचवलंय. ऊठ, डोळे पूस."

दीर पुटपुटले, "घरचीच माणसं मुळावर उठली."

चष्मा सारखा करून बाई खाली बसल्या. "सगळे गठ्ठे सोडा. डाव्या इकडे, उजव्या तिकडे. जेवढ्या डाव्या, तेवढ्याच टोपल्यांवर माझी सही."

आणि वीस बायकांबरोबर त्या एकेक टोपली उलटी करून बघू लागल्या.