चाखायची वाटी

टण्ण! दुपारी सगळं घर गप्प असताना मी मांडणीवरून निसटले आणि गोल गोल फिरत ओट्याच्या पायाशी जाऊन थांबले. सोनलची झोपलेली लेक छकुली जराशी हलली. सोनलनं मला उचललं, पदरानं पुसलं आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवलं.

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. माझ्या कडेवर ‘साखरबाई’ असं नाव कोरलेलं आहे. ही सोनलची आई, कळंबची. ती पेरूची वडी करायची, लिंबू, मीठ आणि लाल तिखट घालून. लग्नानंतर सोनल अंथुर्ण्याला आली, तेव्हा भांड्यांबरोबर मीही आले आणि ती वडीही आली.

घरी पेरूची बाग आहे. फार पिकलेला माल व्यापारी घेत नाहीत. त्याची वडी करून बारामतीत विकायची, असं सोनलनं ठरवलं. पण आमच्याकडं नवं काही केलं की वाटीभर आधी भावकीत जातं. वाटी रिकामी परत यायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. माझ्यात साखरेबरोबर सल्लाही यायचा. छकुली मला दोन्ही हातांनी धरून नेई. मला किती मिरवल्यासारखं वाटे!

“ही वडी हाय का लोणचं?” थोरल्या घरच्या रंगूबाई हसल्या. सोनलनं तिखट काढून टाकलं.

“खवा घाल की जरा,” सासरे अप्पा म्हणाले. सोनलनं खवा घातला.

“पेरूचा वास लई येतोय,” सासूबाई द्वारकाबाईंनी नाक मुरडलं. मग वेलदोडा पडला.

शेवटी सगळे म्हणाले, “आता कशी झ्याक झाली!” सोनलचा चेहरा असा उजळला, की मला मीच दिवा झाल्यासारखं वाटलं.

ती वडी घेऊन सोनल बारामतीच्या प्रदर्शनात बसली. मीही होते, चव द्यायला. लोक तुकडा उचलत, चघळत आणि विचारत, “ताई, कशाची आहे ही?”

पेरूच्या वडीबद्दल असं विचारलं जात होतं! डबे भरलेलेच परत आले. मला मांडणीवर पार कडेला सरकवलं. माझ्यावर धूळ बसली. आज पडले, म्हणून तिला दिसले तरी.

मला हातात घेऊन ती कोरलेल्या नावावरून बोट फिरवत राहिली. मग उठली आणि तिखटाचा डबा काढला.

संध्याकाळी वड्या थापल्या, तशा द्वारकाबाई दारात आल्या. “आगं, वाटी कुठं हाय? चार घरी चाखू दे आधी. उद्या लोकं नावं ठेवत्याल.”

“ठेवू देत, आत्या. वाटी पाठवीन, पण बारामतीवरनं आल्यावर. चाखायला न्हाय, खायला.”

“आन् तिखट लागली तर?”

“तिखटच हाय ती.”

मित्रांनो, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारातून भरून आले, पण इतकी भरलेली मी कधीच नव्हते, आणि तेव्हा माझ्यात काहीच नव्हतं.

तुमच्या घरीही माझ्यासारखी वाटी असेल. तिला टाकू नका, पोचा आला तरी जपा. तिच्यातून शेजारी जरूर द्या. परत येईल ती साखर घ्या. पण बरोबर आलेलं सगळंच आपल्या कढईत ओतू नका. उद्या बारामतीत कुणी तोंड वाकडं करेल, कुणी दुसरा तुकडा मागेल. वडी मात्र पेरूचीच असेल.

एवढ्यात छकुली आली. सवयीनं मला दोन्ही हातांत घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली. आईनं ‘नको’ म्हणून मान हलवली, तशी गोंधळली. मला छातीशी धरून तिनं विचारलं,

“आई, मग चांगली झालीय, हे आता कोण सांगणार गं?”